झाकली मूठ आणि चौदा खोकी

«ताई, मी २८ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून ट्रेडिंग कार्डं, म्हणजे बंद पाकिटांतून मिळणारी खेळाडूंची-पात्रांची चित्रकार्डं, जमवतोय. सुरुवातीला एका सेटची १२० पाकिटं फोडली, पण 'शंभर पाकिटांत एक' असं सांगितलेलं कार्ड काही आलं नाही. मग ठरवलं, फोडायचंच नाही, साठवायचं. गेल्या वर्षी एका नव्या सेटवर 'मर्यादित आवृत्ती' असं छापून आलं आणि दोन दिवसांत माल संपला. मी मिळतील तिथून चौदा सीलबंद खोकी उचलली. सहा महिन्यांची बचत त्यात गेली. भाव दुप्पट झाला तेव्हा विकली नाहीत. मागच्या आठवड्यात कंपनीने त्याच सेटची फेरछपाई जाहीर केली आणि भाव माझ्या खरेदीच्याही खाली गेला. माझी फसवणूक झाली का? आता विकू की धरून ठेवू? आणखी एक. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने परवा फाइलमधून एक चमकणारं कार्ड काढलं, ते मी त्याच्या हातातून हिसकावलं. कोपऱ्याला बोट लागलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. त्याची आई, माझी सख्खी ताई, म्हणते, 'तू तुझी खोकी सांभाळ.' मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.
— खोक्यांवर बसलेला मामा»

प्रिय मामा,

तुझी सही वाचून आधी हसले. मग लक्षात आलं की तू खरंच खोक्यांवर बसला आहेस, आणि आपण उठलो तर भाव वाढायचा या भीतीने उठत नाहीयेस.

फसवणुकीचं आधी सांगते. खोक्यावर 'मर्यादित' एवढा एकच शब्द आहे ना? किती नग, कधीपर्यंत, पुन्हा छापणार की नाही, यातलं काहीच तू पत्रात लिहिलेलं नाहीस, म्हणजे बहुधा छापलेलंही नसणार. तसं असेल तर भांडायला जागा फार थोडी. मर्यादा कुठली ते न सांगता 'मर्यादित' म्हणणं हे 'येतो लवकरच' म्हणण्यासारखं आहे. माणूस कधीही उगवला तरी खोटं बोलला असं म्हणता येत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात ग्राहकांनी कार्ड कंपन्यांवर खटले भरले होते. पाकिटांत मोजकी दुर्मीळ कार्डं पेरून लोकांना नादी लावणं हा जुगारच आहे, असं त्यांचं म्हणणं. २००२ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने ते उभं राहू दिलं नाही. पैसे दिले, पाकीट मिळालं, हवं ते कार्ड निघालं नाही म्हणून निराशा झाली, पण निराशा म्हणजे मालमत्तेचं नुकसान नव्हे, असा त्याचा मथितार्थ. कायद्याच्या दृष्टीने तुझी गत साधारण तीच.

तरी तुझी चिडचिड मला परकी नाही. माझ्या टेबलाच्या खणात एक कार्ड आहे. जांभळी चमकती कड, आणि मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात सोनेरी शाईत बारीक आकडा: ०८७/१९९. जगात असे १९९ नग, त्यातला सत्त्याऐंशीवा माझा! दोन-तीन महिने मी ते कार्ड दिव्याखाली तिरकं धरून बघायचे. मग एकदा त्या सेटची पूर्ण यादी हाती आली. तेच चित्र, तोच खेळाडू, तीच उगारलेली बॅट निळ्या कडेत ४९९, हिरव्यात २९९, माझ्या जांभळ्यात १९९, नारिंगीत ९९, मग ५०, २५, १०, ५ आणि शेवटी एक. बेरीज केली. नंबर घातलेली ११८७ कार्डं, आणि बिननंबरचं साधं कार्ड किती छापलं ते तर कंपनीलाच ठाऊक. आकडा खरा होता. फक्त तो कशाचा आकडा आहे हे मी विचारलं नव्हतं. तो माझ्या चित्राचा नव्हता, कडेच्या रंगाचा होता.

ही नंबरांची युक्ती १९९० च्या सुमाराची. त्या वर्षी अपर डेक या कार्ड कंपनीने बेसबॉलपटू रेजी जॅक्सनच्या सहीची, हाताने नंबर घातलेली २,५०० कार्डं पाकिटांत पसरली. पुढच्याच वर्षी डॉनरस या कंपनीने आपल्या खास कार्डांवर दहा-दहा हजारांचे नंबर टाकले, आणि तेव्हा दहा हजारही दुर्मीळ वाटले! आता तर बऱ्याच सेटांत प्रत्येक चित्राला आपलं आपलं १/१, म्हणजे एकच नग असलेलं कार्ड, असतं. म्हणजे तीनशे चित्रांचा सेट असेल तर 'जगात एकमेव' अशी तीनशे कार्डं.

आता ज्यांचे भाव ऐकून आपण सगळे या छंदात शिरतो, त्या जुन्या कार्डांकडे बघ. टॉप्स या कंपनीने १९५२ मध्ये बेसबॉलचा सेट काढला. त्यातली शेवटची मालिका हंगाम सरत आल्यावर बाजारात आली आणि पडून राहिली. मिकी मँटल या गाजलेल्या बेसबॉलपटूचं कार्ड त्या मालिकेतलं. ती उरलेली खोकी गोदामात जागा अडवत होती म्हणून १९६० च्या सुमाराला मचव्यावर लादून अटलांटिकमध्ये बुडवली, अशी हकिगत तो सेट घडवणाऱ्या साय बर्गरनेच पुढे सांगितली. त्याच मालिकेतल्या मँटलच्या एका उत्तम राखलेल्या कार्डाला ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर आले. त्याच्याही आधीचं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं कार्ड, १९०९ ते १९११ मधलं, सिगारेटच्या पाकिटातून वाटलेलं. वॅग्नरने हरकत घेतली म्हणून त्याची छपाई लवकर थांबली. हरकत तंबाखूला होती की पैशांवरून, यावर जाणकार अजून वाद घालतात. आज त्याचे जेमतेम पन्नास-साठ नग माहीत आहेत.

यातली एकही टंचाई कुणी ठरवून केलेली नव्हती. कार्डं पोरांची होती. पोरांनी ती सायकलच्या चाकात अडकवली, खिशात चुरगाळली, आयांनी घर आवरताना फेकली. कुणालाच किंमत वाटली नाही म्हणून फार थोडी उरली. आणि तुझ्या खोक्यांचं काय? तुझ्यासारखेच किती जण ती कोरड्या कपाटात, प्लास्टिकच्या आवरणात, उन्हापासून लांब ठेवून बसले असतील? वीस वर्षांनी ती सगळी तितक्याच नव्या अवस्थेत बाहेर येणार. मग दुर्मीळ काय राहिलं?

हे एकदा होऊन गेलेलं आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी मँटलच्या भावांच्या बातम्या वाचून अमेरिकेत लोकांनी बेसबॉलची नवी कार्डं खोक्याच्या खोक्यांनी घेतली. मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील म्हणून माळ्यावर ठेवली. कंपन्यांनी मागणी बघून यंत्रं थांबवलीच नाहीत. त्या काळाला आज संग्राहक 'जंक वॅक्स' म्हणतात. वॅक्स म्हणजे तेव्हाच्या पाकिटांचा मेणकागद आणि जंक म्हणजे आतला माल. तीस-पस्तीस वर्षं झाली तरी त्यातली बरीचशी खोकी अजून सीलबंद आहेत आणि घ्यायला कुणी नाही.  आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची? इथे सगळ्यांच्याच मुठी झाकलेल्या होत्या.

यावर तू म्हणशील, कंपनीने शब्द पाळला असता तर? शब्द दिलेलं एक ठळक उदाहरण आहे. मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये आला. जुनी कार्डं महाग झाली, नव्या खेळाडूंना मिळेनात, म्हणून कंपनीने १९९५ मध्ये 'क्रॉनिकल्स' नावाने बरीच कार्डं पुन्हा छापली. संग्राहक भडकले. १९९६ मध्ये कंपनीने एक राखीव यादी जाहीर केली: यातली कार्डं पुन्हा कधीच छापणार नाही. 'ब्लॅक लोटस' हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. शब्द तसा पाळलाय. पण २०२२ मध्ये, खेळाला तीस वर्षं होत आल्याचं निमित्त करून, त्याच जुन्या कार्डांची एक आवृत्ती आली, ब्लॅक लोटससकट. पाठ वेगळी, स्पर्धेत चालत नाहीत, म्हणून ही ती कार्डं नव्हेतच, असा युक्तिवाद. पंधरा कार्डांची चार पाकिटं, ९९९ डॉलर. आत काय निघेल ते नशिबावर. लेखी वचनाची ही अवस्था, तर तुझ्याकडे तर वचनही नाही, नुसतं विशेषण आहे.

म्हणून कुठल्याही 'दुर्मीळ' मालासमोर मी आता एकच गोष्ट बघते. नळाची तोटी कुणाच्या हातात आहे? मँटलच्या कार्डाची तोटी १९५२ लाच बंद झाली, ती आता कंपनीलाही उघडता येत नाही, आज छापलं तर ते आजचं कार्ड होईल. तुझ्या सेटची तोटी विकणाऱ्याच्याच हातात होती. त्याने ती आवळली तेव्हा तू रांगेत धावलास, सैल केली तेव्हा भाव पडला. दोन्ही वेळा फायदा त्याचाच झाला.

आता थोडं तुला बोचेल असं. सगळी टंचाई कंपनीच करते असंही नाही. २०२१ मध्ये पोकेमॉनची कार्डं दुकानांतून अक्षरशः गायब झाली होती. फळीवर माल लागायच्या आधी लोक रांगा लावत. मारामाऱ्यांपर्यंत गोष्ट गेली, आणि त्या मे महिन्यात टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीने काही काळ दुकानांतून ही कार्डं विकणंच थांबवलं. आणि मार्च २०२१ ते मार्च २०२२ या एका वर्षात छापली किती गेली? ९०० कोटींहून अधिक. जगातल्या प्रत्येक माणसाला एक देऊन उरतील इतकी. मग ती गेली कुठे? कपाटांत. चौदा इथे, चाळीस तिथे. तुझ्या सेटचा माल दोन दिवसांत संपला म्हणून तू घाबरलास, पण तो माल संपवणाऱ्यांत तूही होतास. रागावू नकोस. मीही त्या जांभळ्या कार्डासाठी कुणाच्या तरी वरताण बोली लावलीच होती.

ग्रेडिंगबद्दल, म्हणजे कार्डाच्या अवस्थेला गुण देण्याबद्दल, तू विचारलेलं नाहीस, पण विचारशील, कारण खोकी विकली नाहीत की पुढची पायरी तीच असते: फोडू, चांगली कार्डं प्रमाणपत्राला पाठवू, 'दहापैकी दहा' आले की झालं. तीही टंचाईच, फक्त नंतर तयार केलेली. लाखो नग असलेलं कार्डही 'दहा गुणांचं' म्हटलं की एकदम थोडं होतं. शिवाय गुण देणारी माणसंच असतात. पीएसए या संस्थेने १९९१ मध्ये प्रमाणित केलेलं पहिलंवहिलं कार्ड म्हणजे वॅग्नरचाच एक नग, दहापैकी आठ गुणांचा, पुढे वर्षानुवर्षं जगातलं सर्वांत मोलाचं कार्ड म्हणून मिरवलेला. लिलावदार बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने कापून सरळ केल्या होत्या. कापलेल्या कार्डाला खरं तर गुणच मिळायला नकोत.

आणि तुझी ती १२० पाकिटं. 'शंभरात एक' म्हणजे शंभर फोडली की एक मिळणारच, असं आपलं मन परस्पर ठरवून टाकतं. प्रत्येक पाकिटाचा जुगार स्वतंत्र असेल तर शंभर पाकिटं फोडणाऱ्या शंभर जणांपैकी सदतीस जण हात हलवत परत जातात. १२० फोडली तरी तीस जण. दहापैकी नऊ जणांना मिळावं एवढी खात्री हवी असेल तर २३० च्या आसपास पाकिटं लागतील. तू कमनशिबी नव्हतास, शंभरातल्या त्या तीस जणांपैकी एक होतास. ते कार्ड खरंच आवडत असेल तर सुटं विकत घे. बहुतेक वेळा ते २३० पाकिटांपेक्षा फार फार स्वस्त पडतं.

आता विकू की ठेवू. आधी खोक्याच्या बाजूची बारीक छपाई वाच. पहिल्या छपाईची काही खूण आहे का? पोकेमॉनच्या १९९९ च्या इंग्रजी सेटमध्ये सुरुवातीच्या कार्डांवर 'पहिली आवृत्ती' असा शिक्का होता, नंतरच्या अमर्याद छपाईवर नव्हता, आणि म्हणून आजही दोन्हींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुझ्या खोक्यांवर तशी काही खूण असेल तर फेरछपाईने तिला धक्का लागत नाही. तशी दोन-तीन खोकी बाजूला काढून विसरून जा. खूण नसेल तर तुझं खोकं आणि उद्या छापून येणारं खोकं यांत गिऱ्हाइकाला फरक नाही, हे एकदा मनाशी कबूल कर.

मग हिशेब. विक्रेते काय मागतायत ते बघू नकोस, झालेले सौदे बघ. त्यातून विक्रीमंचाचं कमिशन, पोस्टाचा खर्च, वाटेत खोकं चेपलं तर काय, हे वजा कर. उरेल तो तुझा भाव. तो बघून पोटात गोळा येईल, येऊ दे. घोषणेच्या आठवड्यात सगळे घाबरलेले एकदम विकायला धावतात, त्या गर्दीत चौदाच्या चौदा ओतू नकोस. पण नवा माल दुकानांत लागेपर्यंतही थांबू नकोस. पुढच्या काही आठवड्यांत दोन-दोन, तीन-तीन करून इतकी काढ, की अडीअडचणीला लागणारी रक्कम परत बँकेत जाईल. तू 'बचत' असा शब्द वापरलास, 'जास्तीचे पैसे' असा नाही, म्हणून सांगते. 'दुप्पट झाला होता' हे वाक्य मात्र डोक्यातून काढून टाक. तो भाव तुला कुणी देऊ केला नव्हता, तू फक्त पडद्यावर वाचला होतास.

आणि स्वस्त झालंय म्हणून आणखी घेऊन सरासरी खाली आणायचा विचार मनात आला असेल, तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ये.

राहिला भाचा. खरं सांगू? पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग तू शेवटी 'आणखी एक' म्हणून लिहिलास. त्याला ते कार्ड कशाला हवं होतं, हे विचारलंस का? नऊ वर्षांची पोरं चमक बघतात हे खरं, पण त्या कार्डात काय ताकद आहे, ते कुणाला हरवतं, कुणापुढे हरतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. तुला त्या कार्डाचा भाव तोंडपाठ आहे. त्यावर काय लिहिलंय ते न बघता सांगता येईल का?

त्याच्याकडे जा, बोलावू नकोस. माफी मागायची तर एका वाक्यात माग, लांबण लावू नकोस, मुलांना अवघडायला होतं. आणि जाताना चौदातलं एक खोकं घेऊन जा. हो, सीलबंद. भाव पडलाय, तेव्हा तुझं नुकसानही तेवढंच कमी. आवरण त्याला फाडू दे. पाकिटं निम्मी-निम्मी वाटून घ्या, दोनदा आलेली अदलाबदल करा, आणि खेळायचं कसं ते त्याला तुला शिकवू दे. तुझी ताई समोर असेल तर उत्तम, तिला काही सांगावं लागणार नाही.

आणि ते हिसकावलेलं कार्ड त्यालाच देऊन टाक. तसंही कोपऱ्याला बोट लागलंय, दहापैकी दहा काही आता मिळत नाहीत.

तुझी,
ताई